कोयीतला भुंगा कशानं मेला

हातात आलेली वस्तू आधी नाकाशी न्यायची आणि मग डोळ्यांसमोर धरायची, हा भाग्यक्कांचा रोजचा क्रम होता. सकाळी दुधाची पिशवी, मग वर्तमानपत्र, मग फुलवाली ठेवून गेलेली पुडी. धोब्याकडून आलेल्या साड्यासुद्धा त्यातून सुटत नसत. पेपर हुंगून त्या सांगत, "आज पेपरवाल्या पोरानं गठ्ठा कांद्याच्या पोत्यावर ठेवला होता." खरं की खोटं कुणाला ठाऊक. कुणी हसलं तर उलट विचारत, "तुला येत नाही वास? मग देवानं नाक कशाला दिलंय, चष्मा ठेवायला?"

कागदोपत्री त्यांचं नाव भाग्यलक्ष्मी नरेगलकर. सप्तापूरच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या त्या भाग्यक्का. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. हृदय थकलंय हे डॉक्टरांनी फार आधीच सांगून ठेवलं होतं. झोपेत गेल्या, कुणाला काही न विचारता. एरवी काही न विचारता त्या गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जात नसत.

अर्चना त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. अळणावरची मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. हुबळीच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती फळं, भाज्या, मसाले तपासायची. त्यांच्यावर मारलेल्या औषधांचा अंश किती उरला, ते मोजायची. रोज सकाळी ज्युबिली सर्कलवर चिगरी बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच बसनं परत. खोली बघायला आली त्या दिवशी तिची तयारी वेगळ्या प्रश्नांची होती: गाव कुठलं, जेवण घरी करणार का, भाऊ भेटायला येणार का. भाग्यक्कांनी विचारलं, "तपासता म्हणजे नेमकं काय करता?" अर्चनानं एका वाक्यात सांगितलं. पुढच्या वाक्यासाठी त्यांनी चहाचं आधण ठेवलं. अंधार पडला तेव्हा खोलीचं भाडं विचारायचं राहूनच गेल्याचं दोघींच्या लक्षात आलं.

हा विचारण्याचा छंद त्यांना नोकरीनं लावला होता. भाग्यक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडायचा, पलीकडचा आवाज आला की कानावरचं काढून ठेवायचं, असा नियम. पण काढून ठेवेपर्यंत जे कानावर पडायचं ते पडायचंच. 'मुलगी सगळ्यांना पसंत आहे, फक्त...' 'ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणतात...' तेवढ्यात दुसरा दिवा लागायचा. "जन्मभर अर्धी वाक्यं ऐकली गं," त्या म्हणायच्या. "उरलेली अर्धी कोण सांगणार मला?"

लग्न त्यांनी केलं नाही. त्याबद्दल मात्र कुणी विचारलेलं त्यांना चालत नसे. धाकटी बहीण लवकर गेली, तेव्हा तिची लहानगी सावनी मावशीच्या घरी आली आणि इथूनच शिकून, नोकरीला लागून, लग्न होऊन हुबळीला विद्यानगरात गेली. सावनीला माहेर म्हणून जे काही होतं ते या घराएवढंच, आणि या घरातून तिच्या सासरी जे काही जायचं त्यात सगळ्यात नावाजलेली होती भाग्यक्कांची कोयीची सुपारी.

आंबा खाऊन झाला की लोक कोय उकिरड्यावर टाकतात. भाग्यक्का ती टाकू देत नसत. एप्रिल लागला की गल्लीतल्या प्रत्येक घरातून, कोपऱ्यावरच्या रसाच्या दुकानातून, विद्यार्थ्यांच्या खानावळीतून कोयी त्यांच्या अंगणात येत. वाळवायच्या, हातोडीनं फोडायच्या, आतला गर काढायचा. तो मिठाच्या पाण्यात भिजत घालायचा आणि तुरटपणा उतरेपर्यंत रोज पाणी बदलायचं. मग किसून उन्हात वाळवायचा आणि ओवा, जिरं, काळं मीठ घालून तुपावर परतायचा. जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकली की पोट हलकं. बाळंतिणीसाठी त्यातच बाळंतशोपा आणि भाजलेलं खोबरं घालून त्या वेगळी बरणी करत.

या कामातला एकच वैरी म्हणजे कोयीतला भुंगा. बाहेरून कोय अखंड, भोक नाही, चीर नाही, आणि फोडली की आत तपकिरी भुंगा, मसुरीच्या दाण्याहून जरा मोठा, गराचा भुगा करून बसलेला. उजेड दिसला की पाय झाडत उठायचा आणि चालायला लागायचा. भाग्यक्का त्याला काडीवर घेऊन कुंपणापलीकडे सोडत. "त्याचं घर मोडलं आपण," म्हणत, "वर मारायचं कशाला?"

त्या वर्षी सावनी बाळंतपणाला मावशीकडे आली. मुलगी झाली. एप्रिलच्या शेवटी तिला सासरी पोचवायचं ठरत होतं आणि बाळंतिणीच्या बरणीसाठी कोयी काही पुरेशा जमत नव्हत्या. अशात एके दिवशी फाटकाशी परशुराम येऊन उभा राहिला, खांद्यावर पोतं.

परशुराम अळणावरकडच्या एका खेड्यातला. टेलिफोनच्या केबलसाठी चर खणायचा तेव्हापासून भाग्यक्कांची त्याची ओळख. आता आंब्याच्या हंगामात तो हुबळीबाहेरच्या एका पॅकिंगच्या शेडात हमाली करायचा. परदेशी जाणारे आंबे तिथं निवडून, धुऊन खोक्यात भरत.

"अक्का, बघा काय आणलंय तुमच्यासाठी." त्यानं पोतं उलटं केलं. अंगणात कोयींचा ढीग झाला, आणि त्यातल्या बहुतेक मधोमध चिरलेल्या.

"चिरून कुणी दिल्या रे ह्या?"

"तपासणीचा साहेब येतोय की. थोडी फळं उचलतोय आणि कापून बघतोय, आत किडा हाय काय, जिता हाय काय मेलाय. कोयसुदिक फोडतोय. नंतर ते सगळं ढिगावर फेकत्यात. मी म्हटलं, आमच्या अक्काच्या हातोडीचं काम वाचलं."

"साहेबाला सुपारी पाठवू का रे थोडी?"

"नगं! त्यो कायबी खात न्हाई, नुसता कापतोय."

भाग्यक्कांनी एक कोय उचलली, नाकाशी नेली. आंब्याचा वास, किंचित आंबूस. दुसरं काही नाही. दुसऱ्याच दिवशी हुबळीहून निरोप आला की शुक्रवारी यायचंच, त्यानंतर बरेच दिवस चांगला दिवस नाही. आता भिजवायला वेळ कुठला? चिरलेल्या कोयी कोरड्या, स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी भिजवणं वगळलं. नुसता गर धुतला, किसला, कडक उन्हात वाळवला, आणि तुरटपणा झाकायला ओवा, काळं मीठ सढळ हातानं घातलं. शुक्रवारी सावनी, बाळ, बाळंतविडा आणि सुपारीची बरणी गाडीत बसून हुबळीला गेली.

घर एकाएकी मोठं झालं. हात रिकामे राहू नयेत म्हणून भाग्यक्कांनी ढिगाच्या तळाशी उरलेल्या अखंड कोयी फोडायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी अर्चना फाटकातून आत आली तर भाग्यक्का पायरीवर बसलेल्या, समोर स्टीलची वाटी, वाटीवर बशी झाकलेली.

"चप्पल नंतर काढ. आधी हे बघ."

वाटीत भुंगे होते. पाय पोटाशी घेतलेले, हलत नव्हते.

"मेलेत," अर्चना म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. कशानं?"

"कशानं म्हणजे? मरतात किडे."

"एक मरेल, दोन मरतील. जेवढ्या कोयींत भुंगा निघाला तेवढे सगळे मेलेले. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नाही." त्यांनी एक न फोडलेली कोय तिच्या हातात दिली. "ही बघ. भोक आहे? नाही. चीर आहे? नाही. दार बंद, कडी आतून. मग मरण आत गेलं कुठून?"

अर्चनानं कोय उजेडात फिरवली. दिवसभर आंबे कापूनच ती आली होती. तिच्या डोक्यात कुठंतरी काहीतरी हललं.

"ह्या कोयी कुठल्या, भाग्यक्का?"

"परशुरामनं आणल्या. शेडातल्या."

"कोणत्या शेडातल्या? परदेशी आंबे जातात त्या?"

"हो. का गं? तोंड का असं झालं तुझं?"

अर्चना पायरीवर बसली. परशुरामला फोन लावला. तो जेवत होता, तोंडात घास होता.

"ग्यास सोडत्यात की, बाई. खोक्यांवर ताडपत्री घालून कडेनं वाळूची पोती दाबत्यात. आम्हाला लांब उभं करत्यात. नंतर पंखे लावून ताडपत्री काढत्यात. का वं? अक्काला काय झालं का?"

"अक्का बरी आहे. कसला गॅस, नाव माहीत आहे?"

"सिलिंडरवर कवटी काढल्या बघा. तेवढंच मला वाचता येतंय."

दुसऱ्या दिवशी अर्चनानं चौकशी करून नाव आणलं: मिथाइल ब्रोमाइड. एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून फळांना काही ठिकाणी गरम पाण्यातून काढतात, काही ठिकाणी किरण देतात, काही ठिकाणी हा गॅस. ज्याच्या भीतीनं गॅस देतात तो कोयीच्या आत बसलेला, म्हणून गॅसही तिथवर जातो.

"वास कसा असतो त्याला?" भाग्यक्कांनी विचारलं.

"नसतो. जवळजवळ नाहीच."

त्यांनी एक कोय उचलून नाकाशी नेली. मग म्हणाल्या, "बरं. मग तो आत शिरला होता हे कळायचं कसं?"

"भुंगा मरतो, तेच."

"आणि भुंगा मेल्यावर तो जातो कुठं?"

अर्चनाला हा प्रश्न तिच्या साहेबांनी मुलाखतीतसुद्धा विचारला नव्हता. तिनं सावकाश सांगितलं. बराचसा गॅस हवेत उडून जातो, फळं मोकळ्यावर ठेवली तर लवकर, थंडीत ठेवली तर हळू. थोडा फळाच्या गराशी मिसळून बदलतो आणि ब्रोमाइड म्हणून मागं राहतो, मिठासारखा एक क्षार. तो उडत नाही. तो मोजायचा असतो, आणि त्याला मर्यादा घालून दिलेली असते.

"तूच मोजतेस ना तो?"

"हो, आंब्यातला."

"मग कोयीत किती असतो?"

अर्चनाचा आवाज खाली आला. "कोय आम्ही काढून टाकतो, भाग्यक्का. नियमच आहे तसा. साल आणि गर वाटून तपासायचा. कोयीचं फक्त वजन हिशोबात धरतात."

"का टाकता?"

"कोय कोण खातं?"

"मी खाते," भाग्यक्का म्हणाल्या. "आणि सावनी खाते."

अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली कुणाची तरी मांजर येऊन बसली होती. भाग्यक्का बोटांवर दिवस मोजू लागल्या. सावनी अंगावर पाजत होती. बरणी जाऊन आठवडा होत आला होता, आणि जेवणानंतर चमचाभर खायची हे मावशीनंच बजावून सांगितलं होतं.

"उगाच घाबरवू नका तिला," अर्चना म्हणाली. "आधी मी तपासते. काही नसेलही."

"आणि तोवर तिनं खायची?" भाग्यक्का उठल्या. "तुझं यंत्र सांगेल तेव्हा सांगेल. थांबवायला यंत्र कशाला लागतंय?"

त्यांनी तिथंच, अर्चनासमोर, फोन लावला. लपवायची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नाही. "सावनी, सुपारी खाऊ नकोस. नाही, बुरशी नाही. त्या कोयींना गॅस दिलेला होता, मला माहीत नव्हतं. आणि मी भिजवल्या नाहीत, ते मात्र मला माहीत होतं. बाळ कसं आहे? झोपतं ना? दूध पितं ना नीट?... बरं. बरं."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. सावनीच्या सासूबाई, कृष्णाबाई, यांचा आवाज इतका खणखणीत की अर्चनालाही ऐकू आला.

"विहीणबाई, अहो विषारी सुपारी पाठवलीत की काय आमच्या सुनेला?"

"विषारी आहे की नाही तेच शोधतेय."

"शोधताय? खाऊन झाल्यावर? अहो, दुर्गदबैलच्या बाजारात पुड्यांनी मिळते सुपारी. आम्ही आणली असती की! घरचं, घरचं म्हणून तुम्हीच कौतुक सांगत होतात."

"बरोबर आहे तुमचं."

कृष्णाबाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या म्हणाल्या, "फेकते बरणी."

"नका फेकू! ती मला हवीय. तपासायला."

"ह्या वयात डिटेक्टिव्ह झालात होय!" आणि फोन बंद.

भाग्यक्कांनी फोन ओच्यात ठेवला. "बोलू देत," म्हणाल्या, पण बराच वेळ तोच ओचा मुठीत धरून बसल्या. अर्चनाला कळलं की शब्दांचं त्यांना फार नाही. सावनीच्या आईच्या जागी या घरातून जे जात होतं ते आता पोचणार नव्हतं. सासरचं कपाट उघडलं की माहेरची म्हणून दिसणारी ती एक बरणी होती.

प्रयोगशाळेत अर्चनाच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोय? कुठल्या नियमाखाली नोंदवणार?"

"नोंदवायचं नाही, सर. माझ्या वेळात करते."

"पण कोय खातं कोण?"

"आमच्या घरमालकीण बाई."

साहेब हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "थांबा. माझी आजी खायची. भाजून." आणि त्यांनी परवानगी दिली.

नमुने भाग्यक्कांनीच तयार केले, आणि तेही अर्चनानं सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त. शेडातल्या कोयींचा न भिजवलेला गर. त्याच कोयींचा, नेहमीसारखा भिजवून पाणी बदललेला गर. केलगेरीच्या तळ्याकाठी ओळखीच्या एका बाईंकडून आणलेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी, ज्यांत भुंगा जिवंत होता. आणि हुबळीहून परत आलेली बरणी. प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला.

"हे भिजवलेलं कशाला, भाग्यक्का?"

"मला माझी चूक केवढी ते बघायचंय. घाईनं भिजवल्या नाहीत. भिजवल्या असत्या तर काय झालं असतं?"

दोऱ्यांचे डबे घेऊन अर्चना चिगरीत बसली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "फराळाचं काय?" ती नुसती हसली.

ते दिवस भाग्यक्कांना जड गेले असतील, पण दिसायला त्या वेगळ्याच कशात गुंतल्या होत्या. संध्याकाळी अर्चना आली की तिला पायरीवर थांबवून प्रश्न. क्षार आहे तर खारट लागेल का? तुपात परतल्यावर गॅस उरेल का? समुद्रात असतो म्हणतेस ब्रोमाइड, मग कोकणातल्या आंब्यात आपोआपच जास्त असेल का? काहींची उत्तरं अर्चनाला येत होती. काहींसाठी ती जेवण झाल्यावर पुस्तक उघडायची, आणि पायऱ्या उतरून खाली येऊन सांगायची. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत इतकं ती कधी वाचलीच नव्हती. प्रत्येक उत्तरानंतर भाग्यक्का म्हणायच्या, "हौदा?" खरंच का, असं कन्नडमध्ये, आणि लगेच पुढचा प्रश्न. मध्येच मात्र, कुठलाही संबंध नसताना, विचारायच्या, "बाळाच्या अंगावर काही उठलं तर सावनी मला सांगेल ना गं? की सासूला घाबरून नाही सांगायची?"

उत्तर आलं ते शनिवारी. अर्चना लवकर परतली, हातात कागदसुद्धा नव्हता. सगळं तिला पाठ झालं होतं.

"गॅस असा काही सापडला नाही. बरणीतही नाही. उन्हात आणि तव्यावर गेला असणार."

"आणि तो क्षार?"

"तो आहे. आंब्याच्या गरात आम्हाला एरवी मिळतो त्याच्यापेक्षा शेडातल्या कोयीत बराच जास्त. केलगेरीच्या कोयींत जवळजवळ नाही. असतो थोडा, जमिनीतून येतो तेवढा."

"भिजवलेली?"

"अर्ध्याहून कमी. पाण्यात विरघळतो तो."

भाग्यक्का पुढं झुकल्या. "म्हणजे माझी आई जे करायची ते बरोबर होतं?"

"ती तुरटपणासाठी करायची, भाग्यक्का. तिच्या वेळी हा गॅस कुठं होता?"

"ते खरं. तिनं दुसऱ्याच चोरासाठी कुलूप लावलं होतं." त्या हसल्या, मग एकदम थांबल्या. "अगं, पण ते गेलं कुठं? कोयीतून पाण्यात. आणि पाणी मी टाकलं कढीपत्त्याला!"

दोघींनी झाडाकडे पाहिलं.

"पानं तपासायची का?" अर्चनानं विचारलं, आणि मग दोघींना हसू आवरेना. हसता हसता भाग्यक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. "आता मला नीट सांग," त्या म्हणाल्या. "सावनीला काही होईल? बाळाला?"

हा प्रश्न येणार हे अर्चनाला माहीत होतं. बसमध्ये ती त्याचीच तयारी करत आली होती. 'काही होणार नाही' म्हणणं सोपं होतं. बाईंना झोप लागली असती.

"दिवसाला चमचाभर, तेही आठवडाभर," ती म्हणाली. "मोठ्या माणसाला रोज किती चालतो त्याचा आकडा लिहिलेला आहे. सावनीनं खाल्लेलं त्याच्या पुढं अगदी किरकोळ. मला स्वतःला भीती वाटत नाही. पण कोयीसाठी मर्यादा अशी कुणी घातलेलीच नाही. आणि आईच्या दुधातून बाळाकडे किती जातो त्याबद्दल मी छातीठोक सांगू शकत नाही. थोडा जातो. बाळ नीट पितंय, झोपतंय, तर काळजी नको असं वाटतं. बालरोगतज्ज्ञांना एकदा हे सगळं सांगावं."

"म्हणजे अर्धं वाक्य."

"अर्धंच आहे माझ्याकडे."

"चालेल. खरं आहे ना? अर्ध्याला पुरं म्हणून विकू नये." त्या उठल्या. "उद्या सुट्टी आहे तुझी. माझ्याबरोबर हुबळीला चल."

विद्यानगरातल्या त्या घरी कृष्णाबाईंनी पाणी दिलं, चहा विचारला, आणि बाळ मांडीवर घेऊनच बसल्या, जणू त्याला सोडलं तर भाग्यक्का त्याच्या तोंडात काही घालतील. सावनी दाराशी उभी होती. तिचं तोंड उतरलेलं. मावशीच्या बाजूनं बोलावं की गप्प राहावं, तिला ठरवता येत नव्हतं.

भाग्यक्कांनी सगळं सांगितलं. भुंगा, शेड, गॅस, कोय का तपासत नाहीत, आपण भिजवायची का वगळली, यंत्रानं काय दाखवलं, आणि काय दाखवता येत नाही. आवाज खाली-वर केला नाही. माहीत नाही तिथं माहीत नाही म्हणाल्या. मग बाळाच्या डॉक्टरांचं नाव विचारलं, आणि हे त्यांना सांगायला आपण स्वतः येऊ म्हणाल्या.

कृष्णाबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "थांबा. कोय फोडल्याशिवाय भुंगा आत जातो कसा पण?"

भाग्यक्कांचे डोळे चमकले. "फळ लहान असताना त्याची आई सालीवर अंडं घालते. अळी गरातून कोयीत शिरते, तेव्हा कोय मऊ असते. मग कोय कडक होते आणि वाट बुजते. तो जन्मतोच बंद खोलीत."

"अगो बाई!" कृष्णाबाई म्हणाल्या. "आणि हे आम्ही वर्षानुवर्षं चोखतोय!" आणि बोलता बोलता त्यांनी बाळ भाग्यक्कांच्या मांडीवर ठेवलं, हात मोकळे करून विचारायला: म्हणजे बाजारातल्या आंब्यालाही गॅस असतो का, धुतल्यावर जातो का, आणि द्राक्षांचं काय?

सोमवारी दोघी विहिणी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी बाळाला तपासलं, वजन केलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि कोयीची सुपारी करतात कशी ते विचारलं. पुढं बाळाच्या अंगावर काही उठलं नाही. कशामुळे उठलं नाही हे काही कुणी सिद्ध केलं नाही, आणि भाग्यक्कांनीही तसा दावा केला नाही.

मे संपता संपता त्यांनी नवी बरणी केली, केलगेरीच्या कोयींची, भिजवून, पाणी बदलून. या वेळी भुंगा जिवंत निघाला की त्या अर्चनाला वर हाक मारायच्या, "चालतोय गं! चालतोय!" गल्लीत जिथून जिथून कोयी येत, तिथं तिथं त्यांनी विचारायला सुरुवात केली की आंबा कुठला. रसाच्या दुकानदाराला याचा इतका कंटाळा आला की तो त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "अळणावरचा आहे, अक्का, अळणावरचा!" परशुरामला त्यांनी बजावून ठेवलं की ढिगावरच्या कोयी आता त्यानं घरी गाईगुरांपुढंही टाकू नयेत. तो म्हणाला, "म्हैस हुंगूनच सोडतीया, अक्का." त्यावर त्या दोन दिवस विचार करत होत्या, म्हशीला काय कळलं असेल.

ती बरणी सावनीनं कपाटात पुढं ठेवली. कृष्णाबाई जेवणानंतर आधी स्वतः घ्यायच्या, मग सुनेला द्यायच्या. "मी बघते आधी," म्हणायच्या. महिन्याभरात त्यांनी निम्मी संपवली.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. सावनीचं बाळ बसायला लागलं, मऊ भात खायला लागलं. भाग्यक्का गेल्या त्याच मार्गशीर्षातल्या एका सकाळी अर्चना बससाठी निघाली, तेव्हा त्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या, पायांवर शाल. अर्चनाला उशीर झाला होता. ती फाटक लावत होती आणि त्या मागून म्हणाल्या:

"काल सावनीनं बाळाला चिकूची फोड दिली म्हणे. साल काढून दिली का, ते विचारायचं राहिलंच. संध्याकाळी आठवण कर गं मला."